ड्रम्सच्या रॉड्स कुठल्या आणू? (गड्ड्याच्या वेळची गाण्याची बैठक)

नमस्कार मंडळी,
जानेवारीत गड्ड्याला (सिद्धेश्वराच्या जत्रेला) आपण बरेच सोलापूरवाले गावी जातोय आणि जुळे सोलापुरात सासूबाईंच्या हॉलमध्ये बैठक ठरलीये. पेटी, तबला, गाणारे चौघं आणि ड्रम्सवर आमचा लेक. पण इकडे सरावाला त्याच्या स्टिक्सपुढे तबला ऐकूच येत नाही हो. ऑनलाइन स्टिक्सऐवजी बारीक काड्यांची मोळी बांधलेल्या रॉड्स दिसतायत, 7 काड्यांच्या, 19 काड्यांच्या, बांबूच्या, बर्च लाकडाच्या, डोकं चक्रावलं. सोलापूरच्या दादांनी प्लीज सांगावं, किट त्यांच्याकडूनच येणारे.

---

ताई, डोळे झाकून 19 वाल्या घ्या, बर्चच्या, आणि मधली रबरी रिंग पुढेमागे सरकणारी असेल तरच. प्रोमार्क कंपनीच्या हॉट रॉड्स 19 काड्यांच्याच असतात, पण त्यांची रिंग सरकते का ते बघून घ्या. 7 वाल्यांत काड्या जाड, त्यामुळे फटका जवळपास स्टिकसारखाच बसतो, घरातल्या बैठकीला ते नको. 19 मध्ये मधे एक, भोवती 6, त्याभोवती 12 अशी बारीक काड्यांची जुडी असते, टोकाला प्रत्येक काडी जराशी वेगळी आपटते आणि स्नेअरचा (पुढ्यातल्या छोट्या ड्रमचा) तो टणकन कानात घुसणारा आवाज मोडतो. हलगीची बारीक काडी कशी तडतडते, त्या जातीचा आवाज, पण पुष्कळ हळू.

रिंगचं नीट बघा, सगळी मजा तिथे आहे. हाताकडे ओढली की काड्या मोकळ्या होतात, आवाज मऊ, भावगीताला झकास. टोकाकडे सरकवली की जुडी घट्ट होते आणि जोर वाढतो, लावणीला तसं करू दे.

त्याला आधीच सांगून ठेवा की स्टिकसारखी उसळी मिळणार नाही, मनगट जास्त चालवावं लागतं, म्हणून सराव रॉड्सवरच करायचा. राइडची (मोठ्या झांजेची) टिंग पण पुसट होते, तिथे हायहॅट (पायाने मिटणारी झांजेची जोडी) धरलेलं बरं. आणि रिमशॉट, म्हणजे कातड्यासोबत कडेवरही फटका, अजिबात नाही! लोखंडी कडेवर बाहेरच्या काड्या आधी तुटतात, मग कुसळं निघतात. एक जोडी जास्तीची आणाच.

बेस ड्रम पायाने वाजतो, त्याला रॉड्सचा काही उपयोग नाही, हे लोक विसरतात आणि मग भिंत थरथरते. त्यात आपली सोलापुरी चादर घडी करून टाकायची, दोन्ही बाजूंच्या कातड्याला हलकी टेकेल अशी. ती मी बघतो. रहिवासी भागात दिवसाची मर्यादा 55 डेसिबल आहे, रॉड्स घेऊनही ड्रम्स त्याच्या वरच जाणार, म्हणून शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवू आणि रात्री 10 च्या आत आटपू.

---

दादा, खूप आभार, लगेच मागवते. घरी त्याचा जाळीच्या पॅडचा इलेक्ट्रॉनिक सेट आहे, त्यावर रॉड्सने सराव केला तर चालेल ना?

---

नको नको, ताई! काडी चिरली की जाळी फाटते, आणि ते पॅड महाग पडतात. रबराचं प्रॅक्टिस पॅड घ्या, नाहीतर जाड उशीवर वाजवू दे, उशी उसळी देतच नाही त्यामुळे मनगट आपोआप तयार होतं. गाण्यांची यादी आणि पट्ट्या पाठवा म्हणजे तबलावाल्यांना कळवतो, त्यांना त्या पट्टीचा तबला काढायला वेळ लागतो.