गव्हर्नर एकटा पुरत नाही

वर चिपळूणच्या दादांनी लिहिलंय की पोफळीला, म्हणजे कोयनेच्या जलविद्युत केंद्रात, गव्हर्नरने (टर्बाईनचं पाणी कमीजास्त करणारं यंत्र) पाणी नीट सांभाळलं की ग्रिड स्थिर. हे अर्धंच झालं. गव्हर्नर फ्रिक्वेन्सी, म्हणजे ५० हर्ट्झ, बघतो. व्होल्टेज बघतं ते एक्सायटेशन, म्हणजे रोटरच्या (जनरेटरच्या फिरत्या भागाच्या) वाइंडिंगला दिलेला डीसी करंट.

खरी कसोटी पावसाळ्यात. घाटात लाईनवर वीज पडली की व्होल्टेज कोसळतं. मशिनची पॉवर बाहेर जात नाही, पाणी मात्र टर्बाईन ढकलतच असतं, त्यामुळे रोटर पुढे पळू लागतो. त्याच क्षणी एव्हीआर (एक्सायटेशन आपोआप सांभाळणारा व्होल्टेज रेग्युलेटर) रोटरच्या वाइंडिंगचं म्हणजे फील्ड व्होल्टेज थेट कमाल मर्यादेला नेतो. ब्रेकरने फॉल्ट (बिघाड झालेली लाईन) तोडेपर्यंत रोटर फार पुढे गेला नाही, तर मशिन सिंक्रोनिझममध्ये, म्हणजे ग्रिडच्या तालात, टिकते. पण इतका चपळ एव्हीआर नंतरचे हेलकावे वाढवूही शकतो. ते दाबायला पीएसएस (पॉवर सिस्टिम स्टॅबिलायझर) लागतो, आणि तो नुसता बसवून भागत नाही, ट्यून करावा लागतो.

रात्री उलटं. लोड कमी, लांब लाईनींमुळे व्होल्टेज चढतं, मग एक्सायटेशन उतरवायचं. फार उतरवलं तर रोटरची पकड सुटते.

आणि कळकळीने सांगतो, स्लिपरिंगपाशी (ब्रशमधून रोटरला करंट देणाऱ्या कड्यांपाशी) साचणारी कार्बनची भुकटी साफ करत राहा. त्यात आपल्याकडची जुलैची ओल बसली की इन्सुलेशन उतरतं. रोटरचा पहिला अर्थ फॉल्ट (वाइंडिंग एका जागी रोटरच्या लोखंडाला टेकणं) सहसा मशिन थांबवत नाही, म्हणून 'नंतर बघू' होतं. दुसरा झाला की वाइंडिंगचा काही भाग शॉर्ट, चुंबकीय ओढ एकतर्फी आणि मशिन जबर थरथरते. पहिल्या अलार्मलाच शोध घ्या.