मदत हवी आहे: वी, पीएस३ की ३६०, नक्की कोण जिंकलं?

जॉयस्टिक: परवा सादरीकरण आहे. निन्टेन्डोचा वी, सोनीचा प्लेस्टेशन ३ (पीएस३) आणि मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स ३६०, या तीन गेम कन्सोलच्या (टीव्हीला जोडून गेम खेळायच्या यंत्रांच्या) विक्रीचा तक्ता केलाय, पण आकडेच जुळत नाहीत. ३६० कुठे पीएस३च्या पुढे, कुठे मागे. कुठले धरू? विजेता एकच लिहायचाय. लवकर सांगा.

कोकणकडा: आकडे कुठल्या तारखेचे? दुकानांकडे रवाना झालेले की गिऱ्हाइकाने घेतलेले? निन्टेन्डो, सोनीचं आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपतं, मायक्रोसॉफ्टचं ३० जूनला. "२०१०" असा एकच रकाना केलात तर तिथेच फसाल. शिवाय ३६० बाकी दोघांच्या एक वर्ष आधी, नोव्हेंबर २००५ला आला.

जॉयस्टिक: तारखा नाही पाहिल्या. शेवटपर्यंतचे एकूण हवेत.

कोकणकडा: वी १० कोटी १६ लाख, पीएस३ ८ कोटी ७४ लाखांहून जास्त, ३६० ८ कोटी ४० लाखांहून जास्त. पण ३६०चा आकडा २०१४चा आहे, तेव्हा तळटीप हवीच.

हिशेबनीस: नुसती यंत्रं मोजून विजेता ठरत नाही, नफा बघा. वी २५० डॉलरला विकूनही सुरुवातीपासून नफ्यात. पीएस३ ५०० आणि ६०० डॉलरला, तरी प्रत्येक नगामागे तोटा. मार्च २००७ला संपलेल्या वर्षात सोनीच्या गेम विभागाचा तोटा सुमारे २३ हजार कोटी येन. ३६० बंद पडून लाल दिवे लागायचे, त्या बिघाडापायी मायक्रोसॉफ्टने २००७मध्ये वॉरंटी ३ वर्षं केली आणि १०० कोटी डॉलरहून जास्त तरतूद केली.

निळीतबकडी: आणि ब्लू-रे, म्हणजे पीएस३मध्ये चालणारी सिनेमाची तबकडी? फेब्रुवारी २००८मध्ये तोशिबाने तिची प्रतिस्पर्धी एचडी डीव्हीडी सोडली. पीएस३ घराघरांत नसता तर हे झालं नसतं.

हिशेबनीस: जानेवारीत वॉर्नर ही सिनेमा कंपनी फक्त ब्लू-रेच्या बाजूला गेली म्हणून झालं. तो तबकड्यांचा सामना, कन्सोलचा नव्हे.

सोल्डरगन: जुना पीएस३ घ्यायचा असेल तर पहिलं ६० जीबी मॉडेल टाळा. आधीच्या पीएस२चे गेम चालतात, पण त्यातली जुन्या पद्धतीची ९० नॅनोमीटर चिप फार तापते. नंतरचं सडपातळ 'स्लिम' मॉडेल घ्या.

जॉयस्टिक: घ्यायचा नाहीये! दर यंत्रामागे किती गेम खपले, तो रकाना चालेल का?

कोकणकडा: चालेल, पण वीचे सोबत दिलेले गेम वजा करा. एकूण ९२ कोटी १८ लाख, म्हणजे यंत्रामागे ९. त्यातला 'वी स्पोर्ट्स' एकटाच ८ कोटी २९ लाख, आणि तो जपान वगळता बहुतेक ठिकाणी खोक्यातच यायचा. तो काढला की सव्वाआठ.

जॉयस्टिक: बरं. नफा डॉलरमध्ये करू की येनमध्ये?

हिशेबनीस: ज्या त्या कंपनीच्या चलनात ठेवा. त्या वर्षांत येन खूप वधारला. डॉलरमध्ये केलंत तर तो फरकच नफा म्हणून दिसेल.