शॉ मेमोरियलला एवढी वर्षं का लागली? सेंट-गॉडन्सबद्दल माहिती हवीय

मातीकाम
बॉस्टनच्या शॉ मेमोरियलचे फोटो पाहिल्यापासून ते डोक्यातून जातच नाहीये. घोड्यावर तरुण गोरा कर्नल शॉ, त्याच्या बरोबरीने बंदुका खांद्यावर टाकून चाललेले, अमेरिकन यादवी युद्धात लढलेल्या 54व्या मॅसॅच्युसेट्स रेजिमेंटचे कृष्णवर्णीय सैनिक आणि वर तरंगणारी देवदूतासारखी बाई. शिल्पकार ऑगस्टस सेंट-गॉडन्सला हे काम 1884 मध्ये मिळालं आणि अनावरण झालं 1897 च्या मे महिन्यात. एका स्मारकाला इतका वेळ कसा लागतो? पैसे अडले होते का? आणि हा माणूस मुळात घडला कसा, तेही कुणीतरी सांगा.

उठावप्रेमी
पैशांचं कारण नाही, काम हातातल्या हातात वाढत गेलं. त्याच्या डोक्यात आधी घोड्यावरचा एकटा शॉ होता, पण शॉच्या घरच्यांनाच ते पटलं नाही, असा पुतळा मोठ्या सेनापतींचा असतो आणि आमचा मुलगा तर कर्नल, असं त्यांचं म्हणणं. शॉ 25 वर्षांचा असताना 1863 मध्ये फोर्ट वॅगनर या शत्रूच्या किल्ल्यावरच्या हल्ल्यात मारला गेला आणि त्याच्या सैनिकांसोबत एकाच खंदकात पुरला गेला, बापाने त्याला तिथेच राहू द्या म्हटलं होतं. अशा घराला एकट्या मुलाचा पुतळा कसा चालणार? मग सैनिक आत आले आणि खरं काम तिथून सुरू झालं. त्याने न्यूयॉर्कमध्ये कृष्णवर्णीय माणसांना मॉडेल म्हणून बसवलं आणि सुमारे 40 डोकी मातीत घडवली. फोटो झूम करून बघ, कुणी दाढीवाला, कुणी मिसरूडही न फुटलेलं पोर, एक चेहरा दुसऱ्यासारखा नाही. त्या काळात अमेरिकेच्या सार्वजनिक शिल्पात कृष्णवर्णीय माणूस बहुतेक वेळा गुडघे टेकलेला गुलाम म्हणूनच दिसायचा, इथे तो ताठ मानेने चालतोय, माझ्या मते सगळी वर्षं यातच वसूल झाली.

चबुतरा
हे सगळं खरं, पण तेवढ्यावरच थांबू नका. त्याच वर्षांत त्याने शिकागोचा उभा लिंकन (1887) आणि वॉशिंग्टनच्या रॉक क्रीक स्मशानभूमीतलं अ‍ॅडम्स मेमोरियल (1891) पण केलं. म्हणजे एकाच वेळी भरपूर कामं घ्यायची आणि केलेलं मोडून पुन्हा करायचं ही त्याची सवयच होती. स्मारकाच्या कमिटीतल्या लोकांनी किती वाट बघितली असेल याचाही विचार करा, वर्गणी देणारी माणसं म्हातारी होत होती राव. अनावरणाला 54व्या रेजिमेंटचे हयात सैनिक स्मारकासमोरून चालत गेले, ज्यांना तेवढं आयुष्य मिळालं नाही त्यांना ते बघताच आलं नाही. मला हे खरंच लागतं.

उठावप्रेमी
हो, हा मुद्दा मान्य.

कॅमिओ
घडला कसा ते मी सांगते. जन्म डब्लिनचा, 1848, बाप फ्रेंच चांभार आणि आई आयरिश, काही महिन्यांचा असतानाच घरचे न्यूयॉर्कला आले. 13व्या वर्षी शाळा सुटली आणि तो कॅमिओ (शिंपल्यात किंवा दगडात कोरलेलं छोटंसं उठावाचं चित्र) कोरणाऱ्याकडे उमेदवारीला लागला, संध्याकाळी कूपर युनियन या न्यूयॉर्कच्या कॉलेजात ड्रॉइंग शिकायचा. 1867 ला पॅरिस, मग 1870 ला फ्रान्स-प्रशिया युद्ध पेटलं तसा रोम, आणि दोन्हीकडे कॅमिओ कोरूनच पोट भरलं. मला वाटतं शॉ मेमोरियलचं गुपित इथेच आहे. शॉ आणि घोडा जवळजवळ पूर्ण पुतळ्यासारखे बाहेर आलेत, मागच्या रांगांचा उठाव कमी कमी होत गेलाय आणि देवदूत तर पार्श्वभूमीतून जेमतेम वर आलीय. इंचभर शिंपल्यात खोली दाखवायची सवय लहानपणीच लागलेली, म्हणून हे जमलं. नाव झालं ते 1881 च्या अ‍ॅडमिरल फॅरागटच्या पुतळ्याने, न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअरमध्ये. 1900 मध्ये कॅन्सर निघाला तरी जनरल शेर्मनचा सोनेरी पुतळा 1903 ला उभा राहिला, मग राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्टच्या सांगण्यावरून 20 डॉलरचं नाणं केलं आणि 1907 ला न्यू हॅम्पशरमधल्या कॉर्निशच्या घरी वारला.

मातीकाम
कॅमिओचा मुद्दा भारीच! सैनिकांची नावं पण आहेत का त्यावर?

चबुतरा
सुरुवातीला गोऱ्या अधिकाऱ्यांचीच होती. मारल्या गेलेल्या कृष्णवर्णीय सैनिकांची नावं मागच्या बाजूला कोरली गेली ती थेट 1980 च्या दशकात. आणि अनावरणानंतरही सेंट-गॉडन्स थांबला नव्हता, पॅरिसला दाखवायला प्लास्टरची प्रत केली त्यात देवदूत पुन्हा घडवली. ती प्रत आता वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीत आहे, बॉस्टनचा फोटो शेजारी ठेवून बघ.