एलिव्हेशनला मराठीत "उचल" म्हणायचं का? (केस कापायचे शब्द)

सांगलीची_कात्री

नमस्कार मंडळी. मी सांगलीत पोरींना केस कापायला शिकवते. आयटीआयला बेसिक कॉस्मेटॉलॉजीचा एक वर्षाचा ट्रेड असतो बघा, तो केलेल्या नाहीतर करत असलेल्या पोरी माझ्याकडं हात बसवायला येतात, तासगाव पलूस कवठेमहांकाळ इकडच्या. हाताला चलाख आहेत पण थिअरी सगळी घोकून आलेली. परवा एकीला विचारलं एलिव्हेशन म्हणजे काय (कापताना बट डोक्यापासून किती कोनात उचलून धरायची, ते), तिनं धाडधाड म्हणून दाखवलं. मग म्हटलं बरं, मागची ही बट ९० डिग्रीला धर, तर तिनं डोक्याच्या मागची बट सरळ छताकडं उचलली. म्हटलं अगं हे ९० नव्हे. तर म्हणती मॅडम वर म्हणजे ९०च की.

तिची वही बघितली. कुणीतरी मराठीत करून दिलंय, "एलिव्हेशन = केसांच्या उंचीचा कोन". आता उंची म्हटलं की माणूस जमिनीपासूनच मोजणार ना, तिची काय चूक. हा कोन मोजायचा असतो डोक्याच्या कातडीपासून. डोकं गोल आहे, त्यामुळं टाळूवरची बट ९० ला धरली तर ती छताकडं जाते, कानाच्या वरची धरली तर बाजूच्या भिंतीकडं आणि मागची धरली तर मागच्या भिंतीकडं. एवढं एक डोक्यात शिरलं नाही की लेयर कट कधीच सारखा येत नाही, मागं एक कोपरा राहतोच.

मी आपली वर्गात "उचल" म्हणते. शून्य उचल म्हणजे केस जसा पडतोय तसा पडू द्यायचा, खाली विंचरून एका रेघेत कापायचा, सगळं वजन खालच्या कडेला, झाला ब्लंट. ४५ ला मानेपासून वर उतार तयार होतो, आपला बॉबकट मागं फुगीर दिसतो ना तो त्यातनंच येतो. ९० ला सगळ्या डोक्यावर सारखी लांबी. आणि १८० ला खालचे केससुद्धा टाळूवर ओढून कापले की वरचे आखूड, खालचे लांब. पण अडचण अशी की उचल म्हटलं की पोरी खिदळायला लागतात. आमच्याकडं उचल म्हणजे ऊसतोडीच्या टोळीला हंगामाआधी मिळते ती आगाऊ रक्कम. "मॅडम उचल किती?" "पंचेचाळीस." "हजार का?" असं चालतं दिवसभर. दुसरा शब्द आहे का कुणाकडं?

वाई_वाचक

तुमच्या विद्यार्थिनीचा गोंधळ कुठून आला ते मी सांगतो. दहावीच्या भूमितीत "उन्नत कोन" असतो, झाडाच्या शेंड्याकडं बघणारा माणूस, दीपस्तंभ वगैरे. तो कोन डोळ्याच्या आडव्या रेषेपासून वर मोजतात. इंग्रजीत त्यालाही एलिव्हेशनच म्हणतात. म्हणजे मुलगी दहावीत जे शिकली तेच तिनं इमानदारीत केलं, दोष शब्दाचा आहे. आता विश्वकोशाच्या गावचा माणूस म्हणून माझ्याकडून "उत्थापन कोन" असलं काहीतरी अपेक्षित असेल तर ते घ्या.

सांगलीची_कात्री

उत्थापन नको हो दादा, गणपती उठवल्यासारखं वाटतंय. पण उन्नत कोनाचं बरोबर पकडलंत, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

मिरज_सलून

ताई, आमची तिसरी पिढी खुर्चीमागं उभी आहे. एलिव्हेशन हा शब्द मी पोरगं पुण्याला कोर्स करून आलं तेव्हा पहिल्यांदा ऐकला. आमच्यात दोनच शब्द, "पाडून काप" आणि "उभा धरून काप". पाडून म्हणजे तुमचं शून्य, उभा म्हणजे तुमचं ९०. उभा म्हणजे डोक्याला उभा, हे वडिलांनी कधी समजावून सांगितलं नाही, चुकलं की कंगवा मनगटावर बसायचा. मधल्या ४५ ला शब्दच नव्हता कारण बाप्या माणसाला मागं उतार द्यायचा तर आम्ही बोटात धरून नाही, कंगव्यावर कात्री चालवून देतो.

गाईडला काय म्हणता तुम्ही? आम्ही "माप" म्हणतो. पहिली बट कापली ते माप. माप चुकलं की सगळं डोकं चुकलं.

सांगलीची_कात्री

माप झकास आहे, आजपासून घेतलं. फक्त काका त्यात दोन प्रकार येतात, एक जाग्यावर थांबलेलं माप, म्हणजे बाकीच्या सगळ्या बटा ओढून त्या एका ठिकाणी आणायच्या आणि तिथंच कापायच्या. आणि दुसरं चालतं माप, म्हणजे कापलेल्या बटेतला थोडा केस पुढच्या बटेत घ्यायचा, तो दिसला की तिथवर कापायचं, मग त्यातला थोडा पुढं. पोरी चालत्या मापात मार खातात, प्रत्येक बटेला अगदी थोडं, अर्धा दोरा सोडतात आणि उजव्या कानाला पोचेपर्यंत अर्धा इंच गेलेला असतो.

सातारचा_फौजी

आमच्याकडं एकच एलिव्हेशन, मशीन. एक नंबर ३ मिलिमीटर, दोन नंबर ६, बात खतम. अपशिंग्याला या, तिथं गावाच्या नावातच मिलिटरी आहे, सुट्टीवर आलेल्या पोरांची मुंडकी बघा, कोन शोधून सापडणार नाही.

द्राक्षवाला_तासगाव

मी इथं शब्दांसाठी येतो, केस माझे राहिले नाहीत. पण थिनिंगला तुम्ही काय म्हणता? आमच्यात घडातले मणी कमी करतात त्याला विरळणी म्हणतात, थिनिंग पण म्हणतात, दोन्ही चालतं. घड तेवढाच राहतो, मण्याला जागा होते. बायको मागल्या महिन्यात पार्लरातनं आली, म्हणाली थिनिंग केलंय. मी म्हटलं ही विरळणी दिसत नाही, ही एप्रिलातली खरड छाटणी आहे, वेल पार बोडका करतात ती. दोन दिवस बोलली नाही.

सांगलीची_कात्री

😂 दादा विरळणी एकदम फिट्ट बसतो. लांबी तीच ठेवायची, दाटी कमी करायची, एका पात्याला दात असलेली कात्री असते त्यासाठी. माझ्या निम्म्या पोरी बागेत कामाला जाऊन आलेल्या आहेत, त्यांना हे सांगायची गरजच नाही. आणि तुमच्या मिसेसचं जे झालं असेल ते मी न बघता सांगते, कात्री मुळाच्या फार जवळ चालवली असणार. जाड केसात तसं केलं की आतली आखूड खुंटं ताठ उभी राहतात आणि वरच्या केसाला ढकलतात, मग कमी व्हायच्या ऐवजी जास्तच फुगतं. विरळणी शेंड्याकडच्या भागात करायची.

वाई_वाचक

विषय निघालाच आहे तर हजामत या शब्दाबद्दल. मूळ अरबी, हिजामा म्हणजे तुंबड्या लावून अंगातलं रक्त काढणं. ते काम करणारा तो हज्जाम. दाढी-केसाचा अर्थ नंतर चिकटला कारण दोन्ही कामं एकच माणूस करायचा. पुरावा अरबस्तानात शोधायला नको, आपली म्हणच आहे, रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी. आता तुंबडी कुणी बघितलेली नसते त्यामुळं लोकांना ती म्हण नुसती रिकामटेकडेपणाची वाटते. आणि श्मश्रू म्हणजे संस्कृतात नुसती दाढी-मिशी, तरी आपण डोक्यालाही श्मश्रू करतो.

मिरज_सलून

वाईकर, माहिती म्हणून ठीक आहे पण हजामत हा शब्द आम्हाला तोंडावर कुणी म्हटला की लागतो. "चांगलीच हजामत झाली", "बिनपाण्यानं केली", फसवलं मारलं लुबाडलं की आमचंच नाव. आजोबांच्या पाटीवर केशकर्तनालय होतं, वडिलांनी सलून केलं, पोरगं आता स्टुडिओ करा म्हणतंय. गिऱ्हाईक तिन्ही वेळेला आत येऊन एकच म्हणतंय, कटिंग करायची हाय.

भादरणं पण त्यातलंच. माण-खटावाकडची, आटपाडीकडची मंडळी मेंढरं भादरतात, तिथं तो शब्द कामाचा आहे, त्यात वाईट काही नाही. माणसाच्या डोक्याला लावला की शिवी होते.

सांगलीची_कात्री

पटलं काका. माझ्या वर्गात पायऱ्या पडलेला कट दिसला की पोरी एकमेकींना "भादरलीस की" म्हणतात, ते मात्र मी चालू देते, चुकलं तर लागलंच पाहिजे.

टेन्शनला ताण म्हणते मी, त्यात वाद नाही. ओला केस ओढला की लांबतो, वाळला की वर जातो, कुरळा असेल तर आणखी वर. कपाळावरची झुलपं ओली करून भुवईपर्यंत ओढून कापली तर वाळल्यावर अर्ध्या कपाळावर उभी. म्हणून तिथं ताण द्यायचाच नाही. सारखा ताण, सारखा ताण म्हणून मी ओरडत असते पण पोरींना तो हाताला समजत नाही.

मिरज_सलून

मिरजेत आणा त्यांना एकदा. सतारमेकर तार लावताना बघू दे. खुंटी पिळतो ती किती पिळायची ते डोळ्याला दिसत नाही, हाताला कळतं.

कोरेगावची_शिंपीण

मी ब्लाउज शिवते, केसातलं कळत नाही, पण वाचताना वाटलं म्हणून लिहिते. बटा घ्यायला तुम्ही केसात उभे, आडवे, तिरके भांग पाडता ना, त्यातल्या तिरक्याला आमच्यात उरेब म्हणतात, कापड उभ्या-आडव्या धाग्याला तिरकं कापलं की ते उरेब. उभा, आडवा, उरेब, तीन शब्दात तुमचे तिन्ही भांग होतील. आणि आडवं कापलं की उभं धरून तपासायचं असं तुमच्यात असतं का, कारण आमच्यात असतंच.

दुसरं म्हणजे ९० ला एवढं काय शोधताय. माझे मालक गवंडी आहेत, त्यांच्याकडं गुण्या असतो, काटकोनाचा. भिंत गुण्यात आहे का बघायला लावतात. बट गुण्यात धर म्हणा की.

सांगलीची_कात्री

ताई!! गुण्या डोक्याला लावायचा, जमिनीला नाही. अहो हेच तर पाहिजे होतं. आणि हो, तपासणी तशीच, आडव्या भांगांनी कापलं तर उभे भांग घेऊन तपासायचं, जिथं टोक बाहेर दिसलं ते तेवढंच काढायचं.

हे केस कापण्यात भूमिती आणणारा लंडनचा व्हिडाल ससून, साठच्या दशकात ज्याचे ते धारदार बॉब गाजले, तो आर्किटेक्चरमधनं प्रेरणा घ्यायचा, म्हणजे शब्द गवंड्याकडनं आला ते काही चुकीचं नाही.

वाई_वाचक

गुण्या मान्य, पण मग ४५ ला काय? अर्धा गुण्या?

सांगलीची_कात्री

आज करून बघितलं. त्याच पोरीला म्हटलं मागची बट गुण्यात धर. तिनं आधी कंगवा डोक्याच्या मागं उभा टेकवला, मग बट हळूहळू उचलत कंगव्याशी काटकोन होईपर्यंत आणली, आणि बरोब्बर मागच्या भिंतीकडं. मी काही बोललेच नाही. मग तिनंच विचारलं, मॅडम ४५ म्हणजे अर्ध्यावर का, आणि बट अर्ध्यावर खाली सोडली. तेव्हा वाईकर, ४५ ला "अर्ध्यावर", एवढंच. कोनाचं नाव उचलच ठेवलंय, हसू देत त्यांना.

फक्त कानावर आल्यावर घोळ झाला. गुण्या बरोबर, माप बरोबर, ताण सारखा, तरी कानावर खाच पडली.

मिरज_सलून

पडणारच. तिथं ताण सारखा ठेवला म्हणूनच पडली. कानाचा उंचवटा खालनं केसाला ढकलतो, ओढून कापला की सोडल्यावर वर उडी मारतो. कानावर केस नुसता कंगव्यानं बसवायचा, बोटात धरायचाच नाही. सोमवारी दुकान बंद असतं, पोरींना घेऊन या. डोकी माझी दोन पुतणी देतील, कानं मोठी आहेत दोघांची.