लग्नाचा वाढदिवस, दोघांचंच जेवण, एकदा घरी आणि एकदा बाहेर. सोपं काय करू?

तिसरी_शिट्टी

नमस्कार मंडळी. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आमच्या लग्नाला दोन वर्षं होतायत. मागच्या वर्षी एका हॉटेलात गेलो होतो, दीड तास बाहेर उभं राहून टेबल मिळालं आणि आत गाणी एवढ्या जोरात की आम्ही एकमेकांशी नीट बोललोसुद्धा नाही, घरी येऊन दोघंही गप्प झोपलो. ते मला अजून लागलंय. या वेळी मी स्वतः करणार आहे. बुधवार आहे, ती हिंजवडीहून निघते, चिंचवडला घरी पोचेपर्यंत आठ तरी वाजतात आणि तेव्हा तिला भूक इतकी लागलेली असते की वाट बघायची ताकद नसते. ती शाकाहारी आहे, मी सगळं खातो. घरात दोन शेगड्या, कुकर, मिक्सर, तवा एवढंच, ओव्हन नाही. मला चहा, ऑम्लेट, कुकरचा साधा भात आणि कशीबशी डाळ येते. रोजचा स्वयंपाक तीच करते, मी भांडी आणि चिरणं बघतो.

तर एक बुधवारचं घरचं जेवण आणि मग रविवारी सकाळी कुठेतरी बाहेर बसून काहीतरी, असं डोक्यात आहे. पनीरच्या ग्रेव्ह्या वगैरे नको, ते ती हॉटेलात खातेच. बुधवारचं सरप्राइज ठेवायचा विचार आहे. सांगा ना काय जमेल.

गोडा_मसाला

पहिलं म्हणजे सरप्राइज ठेवू नकोस रे. ती ऑफिसात सहा वाजता सामोसा खाईल, आणि घरी येऊन तुझ्यासाठी म्हणून दोन घास जेवेल. सकाळीच सांग की आज मी करतोय, पोटात जागा ठेव. संध्याकाळभर घरी काय शिजतंय याचा विचार करत ती येईल, तेच छान वाटतं.

दुसरं, चार पदार्थांच्या मागे लागू नकोस. मी लग्नानंतरच्या पहिल्या वाढदिवसाला पुरी, भाजी, कोशिंबीर, भजी, बासुंदी सगळं केलं होतं आणि पूर्ण वेळ कढईसमोर उभी होते, नवरा एकटा जेवला. अजून आठवलं की वाईट वाटतं. दोघांच्या जेवणात दोघंही बसलेले पाहिजेत, त्यामुळे असंच कर जे ती दारात यायच्या आधी होऊन झाकून ठेवता येईल.

मसालेभात आणि श्रीखंड कर. श्रीखंडाला मंगळवारी रात्री अर्धा किलो घट्ट, गोड दही सुती पंचात बांधून चाळणीवर ठेव, खाली पातेलं, आणि सगळं फ्रीजमध्ये. सकाळी साधारण पाव किलो चक्का मिळेल. त्यात पाऊणपट पिठीसाखर, वेलची, दोन चमचे कोमट दुधात भिजवलेलं केशर. पुरणयंत्र नसेल तर चहाच्या स्टीलच्या गाळणीतून चमच्याने घासून काढ, तेवढ्यानेच ते रेशमासारखं होतं, मिक्सरला मात्र लावू नकोस, पातळ होतं. डिसेंबरात महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेऱ्या बाजारात आलेल्या असतात, चारपाच चिरून वरून घाल, पण खायला बसताना, आधी घातल्या तर पाणी सुटतं.

भाताला एक वाटी आंबेमोहोर धुऊन वीस मिनिटं निथळत ठेव. दहाबारा तोंडली उभी चिरून, मूठभर मटार. कुकरमध्ये तेलाची फोडणी, मोहरी तडतडली की हिंग, हळद, कढीपत्ता, मग तोंडली दोन मिनिटं परत, तांदूळ परत, दोन चमचे गोडा मसाला, थोडं तिखट, मीठ, अगदी छोटा गुळाचा खडा, दोन वाट्या आणि वर थोडं असं उकळतं पाणी. दोन शिट्ट्या, तिसरी नाही (तुझं नाव वाचून मुद्दाम सांगतेय). गॅस बंद केल्यावर झाकण आपोआप पडू दे. वाढताना ओलं खोबरं, कोथिंबीर आणि साजूक तूप, तूप मोजायचं नाही. बरोबर मठ्ठा आणि भाजलेला पापड. ती हिंजवडीहून निघाली असा फोन आला की फोडणी टाकायची, बास.

आणि सुगंधी मेणबत्त्या आणणार असशील तर जेवणाजवळ ठेवू नकोस, गोड्या मसाल्याचा वास त्यात मरतो. दिवाळीतल्या पणत्या उरल्या असतील ना, त्या लाव.

भरीत_आणि_पुरी

ताईंचा बेत चांगलाच आहे पण मी जळगावचा, डिसेंबरात वांग्याचं नाव कोणी काढलं नाही हे मला बघवेना. आमच्याकडे थंडीत शेतावर भरीत पार्ट्याच होतात, कपाशीच्या वाळलेल्या काड्यांवर ढिगाने वांगी भाजतात. दोघांसाठी रविवारी घरीच करा, बाल्कनीत कोळशाची छोटी शेगडी ठेवता येत असेल तर त्यावर, नाहीतर गॅसवर. भरताचं हिरवट मोठं वांगं, अर्ध्या किलोचं एक पुरे, हातात हलकं लागलं पाहिजे, जड असेल तर आत बिया निघतात. तेलाचा हात लावा, दोनतीन टोचे मारा म्हणजे फुटत नाही. साल पूर्ण काळी होऊन वांगं बसेपर्यंत भाजायचं, घाई केली की मधला भाग कच्चट राहतो.

हिरव्या मिरच्या आणि लसूण भाजून कुटायचा, तेलात शेंगदाणे तळायचे, त्यातच हे वाटण, मग पातीचा कांदा, वांगं, मीठ, कोथिंबीर. टोमॅटो नाही, गरम मसाला नाही. सोबत कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी मिळाली तर सोनं, नाहीतर ज्वारीची विकत आणा.

यात मला आवडतं ते म्हणजे एकाने वांगं फिरवायचं, दुसऱ्याने सोलायचं, दोघांचे हात काळे होतात आणि गप्पा आपोआप होतात. मी आणि बायको दर वर्षी पहिलं चांगलं वांगं मिळालं की असंच बसतो, पोरांना नंतर बोलावतो.

रेवदंड्याचा

बाहेर बसून जेवायचं तर आमच्या रायगडची पोपटी. पण डिसेंबरात घाई होईल, वालाच्या शेंगा भरपूर यायला जानेवारी उजाडतो, तेव्हा पुढच्या महिन्यासाठी लिहून ठेवा. लोक दहावीस जणांची करतात, मी बायकोसोबत छोट्या मडक्यात दोघांचीही केलीय. मडक्यात खाली भांबुर्ड्याचा (ही एक वासाची रानवनस्पती) पाला, त्यावर शेंगा, खडे मीठ, ओवा, मधे बटाटे, रताळी, छोटे कांदे (तुम्हाला अंडी, वहिनींच्या बाजूला नको), वर परत पाला गच्च दाबून तोंड बंद. पाणी एक थेंब घालायचं नाही, सगळं आपल्याच ओलाव्यावर शिजतं. मडकं उपडं ठेवून भोवती काटक्या, पेंढा पेटवायचा, साधारण अर्धा तास. वरून पाण्याचा शिपका मारला आणि चर्रकन आवाज येऊन पाणी लगेच उडालं की झालं समजा. मग केळीच्या पानावर ओतून दोघांनी एकाच ढिगातून सोलून खायचं.

हे ओळखीच्या कोणाच्या तरी शेतावर किंवा अंगणातच करा. गडावर, जंगलात, वाळलेल्या गवतात जाळ अजिबात करायचा नाही, एक ठिणगी पुरते.

दडपे_पोहे

मग रविवारी विस्तव न लागणारं काहीतरी हवं, तर माझं नावच वाचा :) तीन वाट्या पातळ पोहे, वाटीभर ओलं खोबरं, बारीक कांदा, मीठ, साखर, लिंबू, आणि नारळातलं पाणी हाताने शिंपडायचं. डब्यात दाबून भरायचं, नावाप्रमाणे दडपलं गेलं पाहिजे. मोहरी, हिंग, हळद, हिरवी मिरची आणि दाण्यांची फोडणी घरीच करून गार झाल्यावर छोट्या डबीत न्यायची आणि तिथे पोचल्यावर ओतायची, दाणे कुरकुरीत राहतात. थंडीच्या सकाळी दोनतीन तास काही होत नाही, मे महिन्यात मात्र ओल्या खोबऱ्याचा डबा असा नेऊ नका. जोडीला थर्मासमध्ये चहा आणि दुधात भिजवलेल्या दशम्या, त्या दिवसभर मऊ राहतात, तीळ नाहीतर शेंगदाण्याची सुकी चटणी बरोबर.

जागा म्हणाल तर सिंहगड, पण रविवार आहे तेव्हा अंधार असतानाच निघा, नऊनंतर घाटात गाड्याच गाड्या असतात. वर उजाडताना बसून आपला डबा खायचा आणि उतरायच्या आधी तिथल्या मावशींकडून मडक्यातलं दही घ्यायचं, एकात दोन चमचे. त्या बायका पहाटेपासून मडकी डोक्यावर घेऊन चढतात, त्यांच्याकडून घ्याच.

तिसरी_शिट्टी

सगळ्यांना मनापासून धन्यवाद, सांगितल्याशिवाय राहवत नाही म्हणून उशिरा का होईना लिहितोय.

बुधवारी तिला पावणेनऊ झाले, भूमकर चौकातच अर्धा तास गेला. पण दोन शिट्ट्या होऊन कुकर शांत बसला होता आणि भात गरम होता, त्यामुळे माझी धावपळ झालीच नाही. ती आत आली, चपला काढता काढता म्हणाली गोडा मसाला टाकलायस ना, आणि तशीच ओट्याशी येऊन उभी राहिली. मी म्हटलं बस, तर म्हणे कोथिंबीर तरी मला चिरू दे. मग दिली चिरायला. भात खाली थोडा लागला होता, तो खरवडून तिनेच खाल्ला. श्रीखंड गाळणीतून घासताना हात दुखला पण गोडा_मसाला ताई, खरंच रेशमासारखं झालं, आईला फोटो पाठवला तर ती विचारत होती कुठून आणलंस. साडेअकरापर्यंत बसलो होतो. दोन वर्षांत मला माहीत नव्हतं की ती लहानपणी आजीकडे चक्क्याच्या पंचाखालचं पाणी प्यायची, ते तिने परवा सांगितलं.

रविवारी सिंहगड. पोहे तिने केले, फोडणी मी. साडेसहाला वर होतो, थंडी इतकी की चहा आधी संपला. दही एकच घ्यायचं ठरलं होतं, तीन झाली. भरीत अजून राहिलंय, या शनिवारी वांगं आणतो, हलकं बघून.

रेवदंड्याचा दादा, शेंगा यायला लागल्या की इथेच कळवा. तिच्या मामांचं पेणजवळ अंगण आहे, त्यांना विचारून ठेवलंय. मडकं मी इथून आणतो, भांबुर्डा तिकडे रस्त्याकडेला मिळतो का तेवढं सांगा.