चर्चा: धाप लागली की दुखणं पळतं का?

चढवेडा, फोंडा
सहा महिने उजवा खांदा धरलाय. दोन महिन्यांपासून सकाळी फर्मागुढीचा चढ धरतो: अर्धा मिनिट जीव खाऊन पळायचं, दोन मिनिटं चालायचं, असं सहा वेळा. वर गोपाळ गणपतीच्या देवळापाशी पोचेस्तोवर खांदा दुखायचं विसरलेला असतो. पळतात पाय, उतार पडतो खांद्याला! वाचलं तर शास्त्रालाही हे ठाऊक आहे. जोरदार व्यायामानंतर काही वेळ वेदना कमी जाणवते, आणि राबलेल्या स्नायूपुरतीच नाही, लांबच्या भागातही. माझं मत सरळ आहे, पाठ-खांदा दुखला की गोळीआधी घाम काढा. आपल्याकडे मात्र जरा ठणकलं की पाय आधी फार्मसीकडे.

शंकासुर
गोळीबद्दल बरोबर, बाकीचं नाही. २००४ मध्ये ट्रेडमिलवर एक प्रयोग झाला. बोटावर दाब देऊन लोकांना वेदना विचारली. कमाल क्षमतेच्या ७५ टक्के जोरानं ३० मिनिटं पळाल्यावर ती कमी झाली. त्याच जोरानं १० मिनिटं पळून काही नाही. ५० टक्क्यांनी ३० मिनिटं पळूनही नाही. आणि ज्यांना फरक पडला त्यांचाही अर्ध्या तासात मावळला. तुझी सगळी पळापळ धरली तर तीन मिनिटांची. पातळभाजी-पाव संपेपर्यंत खांदा परत हजर!

चढवेडा, फोंडा
पण ते ७५ टक्के, मी फुल्ल सुटतो. २०१७ मध्ये इंग्लंडमध्ये सहा आठवड्यांचा सायकलिंगचा प्रयोग झालाय. एका गटाला थांबून-थांबून जोरदार, दुसऱ्याला सलग संथ, एकूण श्रम सारखेच. दुखणं सोसायची ताकद जोरदार गटाची वाढली. यावर बोल.

राखणदाराला रोट
मध्येच तोंड घालतो. भात कापलेल्या शेतात आमची फुटबॉल मॅच. पहिल्या हाफला घोटा मुरगळला, अंग तापलेलं, काही वाटलं नाही म्हणून खेळत राहिलो. रात्री पाय भोपळ्याएवढा. एक्स-रेत हाड चिरलेलं, सहा आठवडे प्लास्टर. न दुखणं हीच माझी चूक ठरली. दुखणं हा शरीराचा राखणदार रे. त्याला रोट, म्हणजे भाकरीचा मान, द्यायचा सोडून झोपवता कशाला?

चढवेडा, फोंडा
बाबा, तुझा घोटा ताजा मोडलेला, माझा खांदा जुना. तुलना जमत नाही.

हाडवैरी (पेशानं फिजिओ, म्हापसा)
दोघेही दोन वेगळ्या गोष्टी एकाच गोणीत भरताय. किती दाबानं दुखायला लागतं तो उंबरठा एक आणि दुखत असताना किती वेळ सोसता येतं ते दुसरं. २०१४ च्या एका प्रयोगात सहा आठवडे सायकल चालवलेल्यांच्या दंडाचं रक्त पट्ट्यानं अडवून पाहिलं. कळ त्यांनी आधीपेक्षा जास्त वेळ सोसली, पण दाब दुखायला लागायचा तो पूर्वीइतक्याच जोरावर. म्हणजे दुखणं गेलं नव्हतं, त्याची भीती कमी झाली असावी. माझ्या मते हेही थोडकं नाही.

कारण विचाराल तर सगळं श्रेय एंडॉर्फिनला, म्हणजे शरीरातच बनणाऱ्या वेदनाशामकाला, देऊ नका. त्याचा रस्ता अडवणारं नालोक्सोन देऊनही काही प्रयोगांत परिणाम टिकला. दुसरा संशयित आनंदामाइड, शरीरातच बनणारं, गांजासारखं काम करणारं रसायन. १९९२ मध्ये जेरुसलेमला सापडलं आणि नाव आपल्या ‘आनंद’वरून पडलं. व्यायामानंतर रक्तात वाढतं.

आणि चढवेड्या, वय लिहिलं नाहीस. चाळिशी उलटली असेल, शुगर-प्रेशर असेल, तर आधी तपासून घे. पळताना छातीत, जबड्यात, डाव्या हातात कळ आली तर तिथंच थांबायचं. धरलेल्या खांद्याचं म्हणशील तर हात कानापर्यंत जातो का ते बघ. दुखत नाही म्हणजे सुटला असं नव्हे.

डिचोलीची माई
तुम्हां पोरांचं बरं आहे. मला फायब्रोमायाल्जिया, म्हणजे अंगभर जुनाट दुखणं. कुणीतरी सांगितलं म्हणून जिन्यावर भरभर चढ-उतर केली. वेदना कमी व्हायची सोडून सगळं अंग पेटलं, दोन दिवस पदर खोचायला हात उठेना. आमच्यासारख्यांत हे उलटंही होतं, डॉक्टरनंच सांगितलं. हळूहळू चालते ते मानवतं. सुनेनं हा धागा दाखवला आणि म्हणाली, बघा आई, धावायला हवं. म्हणून लिहिलं.

हाडवैरी
माई, तुमचं खरं आहे. जुनाट, अंगभर दुखण्यात वेदना आवरणारी यंत्रणाच नीट चालत नाही, जोराच्या व्यायामानं दुखणं भडकू शकतं. सुनेला माझा निरोप द्या.

शंकासुर
माईंचं वाचून चढवेड्या, तुझं ‘पाठ-खांदा दुखला की घाम काढा’ मागे घे. आणि तुझ्यापुरतंही एक राहिलंय. बरं वाटणार या खात्रीनं चढतोस, निम्मं त्यातच आलं. दहा सकाळी नाणं उडव. छापा पडला तर पळ, काटा पडला तर तेवढाच वेळ गणपतीच्या पायरीवर बस. दोन्हीकडे आधी-नंतर खांद्याला ० ते १० गुण दे, वहीत लिही.

चढवेडा, फोंडा
‘घाम काढा’ मागे घेतलं, माई, माफ करा. चढ सोडणार नाही. आज काटा पडला. पायरीवर बसलोय. खांदा आधी ६, आता ५. डास मात्र ९.