अवकाळी की माघाचं पाणी?

फेब्रुवारी अर्धा सरला नाही तोच नागपुरात तिसऱ्यांदा भिजलो. पेपरात रोज 'अवकाळी'. काटोलची मामी मात्र फोनवर म्हणते, "माघाचं पाणी येऊन राह्यलं बाप्पा, दरसाली येते." जो पाऊस बहुतेक वर्षी हजेरी लावतो, तो अवकाळी कसा? आणि 'अकाली पाऊस' म्हटलं तर?

–

'अकाली' नको. अकाली मरण, अकाली म्हातारपण: जे पुढे व्हायचंच होतं ते आधी झालं. माघातला पाऊस म्हणजे जूनचा आगाऊ हप्ता नव्हे. तो भूमध्य समुद्राकडून सरकत येणाऱ्या पश्चिमी झंझावाताचा. त्याला बंगालच्या उपसागरावरचा ओला वारा आपल्याकडे येऊन भेटला की ढग, कधी गारा. (कुणी 'विक्षोभ' म्हणतात. बरंच आहे, 'झंझावात' ऐकून मी खिडक्या लावून बसलो आणि दिवसभर नुसतं आभाळ.) 'बेमोसमी' चालेल. गंमत म्हणजे त्यातला मोसम आणि आपला मान्सून, दोन्ही अरबी 'मौसिम'ची लेकरं. आणि कृपा करून 'अवकळा पाऊस' लिहू नका, कालच एका फलकावर वाचलं. अवकळा चेहऱ्यावर येते.

–

तुम्ही काळ कॅलेंडरात शोधताय, तो पिकाचा आहे. आंबिया बहारासाठी, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत येणाऱ्या फुलोऱ्यासाठी, डिसेंबर-जानेवारीत संत्र्याचं पाणी तोडून झाडाला ताण देतात. तेव्हा पाऊस आला की ताण तुटतो, फुलाऐवजी पालवी फुटते. फेब्रुवारीत तर एकाच बागेत आंबियाचा फुलोरा आणि मृग बहाराची, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडी फुललेली, फळं. गारा दोघांनाही झोडपतात. हरभऱ्यावरची आंब (पानांवरचा आंबट ओलावा) धुऊन जाते, ओंबीवर आलेला गहू लोळतो. याला अवकाळी नाही म्हणायचं तर काय?

पण जानेवारीत कोरडवाहू गव्हावर एखादी सर आली तर आमच्या घरी अवकाळी म्हणत नसत. "बरं पाणी पडलं" एवढंच. उत्तरेत अशा पावसाला 'महावट' म्हणतात, गुजरातीत 'मावठुं' आहे. दोन्हींत माघ दडलेला. फरक असा की महावट गव्हासाठी हवीहवीशी आणि मावठुं म्हटलं की शेतकरी ताडपत्री शोधतो. म्हणजे नावात महिना असला तरी भाव ठरतो शेतात काय उभं आहे त्यावर.

–

दोन दिवस भुरभुर आहे, तर 'झड' का नाही म्हणत?

–

झड श्रावणातली. माघात झड म्हटलं तर आजी हसेल.

–

मामीला पुन्हा विचारलं. त्यांचा गहू उशिराचा, त्याला अजून पाणी लागते. संत्र्याची बाग दोन वर्षांपूर्वी काढून टाकली. बाग होती तेव्हा काय म्हणत होतात, विचारलं.

"तवा अवकाळीच म्हणत होतो."